साक्षीदार कुठे बघत होता

बाबा वारले हे कोर्टाला लगेच पटलं. दाखला होता. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं हेही दिसत होतं, कारण ते टेबलावर होतं. पण ते त्यांनीच केलं, हे पटवायला एक जिवंत माणूस हवा होता, ज्याने त्यांना सही करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि आमच्या घरात बाबांच्या हाताकडे बघायची पद्धत नव्हती.

बाबांना कंपवात होता. उजव्या हाताला जास्त. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा बाबांनी आजार ठेवला आणि डॉक्टर बदलला. घरात त्या हाताबद्दल कुणी बोललं नाही, बोलायचं नाही असंही कुणी ठरवलं नाही. पण बाबांनी कप उचलला की सगळ्यांना अचानक दुसरीकडे काम निघे. आत्या सुईत दोरा ओवू लागे, मी मोबाइल काढी, आणि माझा मोठा भाऊ पंख्याकडे मान वर करून म्हणे, "हा आवाज करतोय का गं?" त्या पंख्याची दोनदा दुरुस्ती झाली. त्याला काहीही झालेलं नव्हतं. बाबांचा कप बशीवर टेकला की आम्ही सगळे पुन्हा खोलीत परतत असू.

असे सुसंस्कृत लोक आम्ही. आता त्याची किंमत आत्या मोजणार होती.

मृत्युपत्र साधं होतं. घर आम्हा दोघा भावंडांना, निम्मं निम्मं. पण मागच्या दोन खोल्या आत्याकडे, ती आहे तोवर. आणि ती आहे तोवर घर विकायचं नाही. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, त्याचं कारणही कुणाला सांगितलं नाही. मागच्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन आहे. नवीन काही ती शिवत नाही. पँट आखूड करणं, झीप बदलणं, बाही उतरवणं, लोकांनी स्वतःच्या हौसेने बिघडवलेलं सरळ करणं, एवढंच. अख्खी गल्ली तिच्या मापात असते.

मृत्युपत्राची एक्झिक्युटर मी. म्हणजे बाबांनी लिहिलेलं अमलात आणायची जबाबदारी माझी. हे पद सन्मानाचं आहे असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

"मृत्युपत्र सिद्ध झालं नाही तर?" मी आमच्या वकीलबाईंना विचारलं.

"तर ते नव्हतंच असं धरायचं. मुलं वारस, आणि एकाने वाटा मागितला तरी घर विकावं लागतं. बहीण कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"कायद्याच्या दृष्टीने पाहुणी."

"अहो, ती माझ्या जन्माच्या आधीपासून त्या घरात आहे."

"मग जुनी पाहुणी," वकीलबाई म्हणाल्या आणि पुढची फाइल ओढली.

दादा वाईट माणूस नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की ऐकणाऱ्याला संशय यावा. त्याला घर विकायचं होतं, आणि विकायला आलेली माणसं ज्या गोड आवाजात बोलतात त्या आवाजात तो बोलत होता. "आत्याला कोण बाहेर काढतंय? तिला मस्तपैकी छोटा फ्लॅट बघू. लिफ्टवाला."

"लिफ्टने कोण येणारे माझ्याकडे?" आत्या म्हणाली. "माझी गिऱ्हाइकं पँट कमरेशी मुठीत धरून येतात. त्यांना मागचं दार लागतं."

"अगं, तू किती दिवस शिवणार आता?"

"तू किती दिवस वाढणार आहेस कमरेत, त्यावर आहे."

दादाने मग कोर्टात जे घातलं त्याचं वर्णन तो असं करी: "माझी हरकत नाहीये गं छोटी. फक्त शंका आहे. ती सही बाबांची वाटत नाही. मला स्पष्टता हवी, बस." कोर्टात शंकेचा वेगळा अर्ज मिळत नाही, म्हणून त्याने हरकतीचाच भरला. त्याची एक प्रत मला आली आणि माझ्या उत्तराची प्रत त्याला गेली. ती द्यायला बेलिफ आला तेव्हा दादा आमच्याच दिवाणखान्यात आत्याच्या हातचा चहा पीत बसला होता. बेलिफाने मला विचारलं, "हे इसम इथे राहतात का?" मी म्हटलं, "चहापुरते." दादाने कप खाली ठेवून सही केली, बेलिफाला पाणी विचारलं, आणि वहिनीच्या गुडघ्याचं सांगत होता ते पुढे सुरू केलं.

बाहेरून सगळं असं शांत होतं. आत मात्र कुणाला एका जागी बसवत नव्हतं. आत्या टेप घेऊन स्वतःच्याच खोल्या मोजत फिरे. कपाट किती, मशीन किती, मशीनभोवती वळायला किती. विचारलं तर म्हणे, "अशीच." मी ऑफिसात काम उघडायची आणि मिटायची. फोन वाजला की वकीलबाई, नाही वाजला की वकीलबाई विसरल्या. रात्री पाठ टेकली की मनात सही यायची: पहिलं अक्षर वर चढलेलं, मधली जागच्या जागी घुटमळलेली, शेवटची रेघ कागदाच्या कडेवरून पळून जायच्या बेतात असलेली. खरं सांगायचं तर ती सही मलाही बाबांची वाटत नव्हती. बाबांची सही मी कित्येक वर्षांत पाहिली कुठे होती?

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार होते. एक कोपऱ्यावरचा केमिस्ट. तो बाबांच्या मागोमाग गेला. दुसरे आमचे हवामानकाका. बाबांचे सकाळचे फिरण्यातले सोबती, हवामान खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते आकाशाकडे बघून नोंदी करत, आणि निवृत्तीनंतरही ते थांबले नव्हते. गच्चीवर त्यांचं स्वतःचं पर्जन्यमापक होतं. त्यात किती पाणी साचलं हे ते रोज बघत आणि कुणालाही सांगत नसत, कारण कुणी विचारत नसे.

मी गेले तेव्हा ते गच्चीवरच होते.

"तू येशील असा अंदाज होता," ते म्हणाले.

"काका, फार काही नाहीये. कोर्टात यायचं आणि एवढंच सांगायचं, की बाबांनी सही केली ती मी पाहिली."

"पाहिली नाही."

"म्हणजे?"

"त्याने पेन उचललं ते पाहिलं. पेन ठेवल्याचं ऐकलं. मधल्या वेळात मी खिडकीबाहेर बघत होतो."

"काय होतं खिडकीबाहेर?"

"मध्यम उंचीचे ढग. पश्चिमेकडे."

मी जरा वेळ त्या पर्जन्यमापकाकडे बघितलं. तेही रिकामं होतं.

"काका, पेन उचलल्यावर आणि ठेवायच्या आधी माणूस काय करत असेल?"

"त्याबद्दल माझा अंदाज आहे. निरीक्षण नाही."

"मग अंदाज सांगा ना कोर्टाला!"

"आयुष्यभर अंदाज सांगून लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता शपथेवर नाही सांगणार."

वकीलबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पेनाचं टोपण चावत होत्या. चावणं थांबलं. "पाहिलं नाही? जवळ बसून?" मग म्हणाल्या, "ठीक आहे. अजून एक वाट असते. पाहिलं नसेल तरी चालतं, पण तुमच्या वडिलांनी त्यांना तोंडाने सांगितलेलं हवं, की ही माझी सही आहे. काही तरी बोलले असतीलच ना? माणूस सही करतो, समोर मित्र बसलाय. निदान 'झाली एकदाची' तरी म्हणतो."

मी पुन्हा गच्चीवर.

"बोलला," काका म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. "काय बोलले?"

"ते खासगी आहे."

जीव भांड्यातून बाहेर आला. "काका, घर जातंय. आत्या कुठे जाणार?"

"मला कळतं. मी रात्रभर तेच धरून बसतो. पण तो माझ्याशी बोलला होता, कोर्टाशी नाही. ते सांगायचं तर आधी बाकीचं सांगावं लागेल."

"बाकीचं म्हणजे काय?"

नकळत त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने झाकला. त्यांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं. ते सत्यवादी वगैरे तर होतेच, पण अडलं होतं ते वेगळ्या ठिकाणी. ज्या गोष्टीकडे त्यांनी मित्र जिवंत असताना बघितलं नाही, ती मित्र गेल्यावर पाच-पन्नास लोकांसमोर मांडायची, हे त्यांच्याने होईना. आता या माणसावर चिडायचं तरी कसं? चिडले मी. पण नीट जमलं नाही.

उरली आत्या. सही झाली तेव्हा तीही त्या खोलीत होती. पण तिचं सांगणं उपयोगाचं नव्हतं. जिला खोल्या मिळायच्या तिनेच सही खरी म्हटलं तर कोर्ट ते मनावर घेत नाही, असं वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं.

"आत्या, बाबा सहीनंतर काय बोलले गं काकांना?"

"तुला कशाला?"

"तू तरी काकांना सांग, की बोला म्हणून. तुझं ऐकतील."

"मी नाही सांगणार."

"अगं, तुझ्या खोल्या आहेत!"

"आणि त्याचा हात होता," आत्या म्हणाली. दाताने दोरा तोडला. "दोन खोल्यांसाठी मी कुणाला माझ्या भावाचं हसं करायला सांगू? एवढी काही मोठी खोली नाहीये ती. मी मोजलीय."

काका आणि आत्या एका मेलेल्या माणसाची लाज राखायला घर घालवत होते, मी दोघांच्या मधे, आणि चौथा ते घ्यायला निघाला होता. चौघांमध्ये त्यातल्या त्यात व्यवहारी तोच.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या कोर्टाला पायऱ्या नव्हत्या, चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार केला होता. त्यामुळे शहाणे-वेडे सगळेच सरळ आत घरंगळत होते. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश होते, फाइल नव्हती. ती सापडली, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून कुणीतरी ती दाराला लावली होती. जाडी बरोबर होती, एवढंच तिच्याबद्दल कोर्टाचं तोवरचं मत.

लोक बाकांवर बसत आणि उठत. बसलेला माणूस उठला की दुसरा बसे, आणि मग पहिल्याला वाटे आपण बसायला हवं होतं. मी बसलेच नाही. बोळकांडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची, यायची. दादाही तेच करत होता, उलट दिशेने. त्यामुळे दर फेरीला आम्ही मधे भेटत होतो.

"वहिनीचा गुडघा?"

"बराय. तुझं ऑफिस?"

"चाललंय."

पुढच्या फेरीला:

"गच्चीतली टाकी गळतेय म्हणे."

"प्लंबर येतोय उद्या."

"जुनी पाइप बदलून घे. मी देतो निम्मे."

आणि मग आम्ही आपापल्या वकिलाकडे जाऊन एकमेकांविरुद्ध सूचना देत होतो.

साक्षीच्या दिवशी आत्या आली. तिला यायची गरज नव्हती. "माझ्या घराचं चाललंय आणि मी घरी बसू?" म्हणाली. मागच्या बाकावर बसून तिने खोली निरखली. दादाचा वकील उंच, तरणाबांड, केस मागे वळवलेला. त्याच्या काळ्या झग्याच्या काठाची शिवण सुटली होती. "बघ, पायात अडकून पडेल," आत्या माझ्या कानात म्हणाली. तिच्या आवाजात जी काही आशा होती तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

हवामानकाका पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेताना "खरं सांगेन" पर्यंत आवाज स्पष्ट होता. "काहीही लपवणार नाही" ला जरा खाली गेला.

वकीलबाईंनी साध्या प्रश्नांपासून सुरुवात केली. कागदावरची साक्षीदाराची सही तुमची का? माझी. मृत्युपत्र करणाऱ्याला तुम्ही किती ओळखत होतात? आम्ही रोज फिरायला जायचो. त्यांनी सही केली तेव्हा तुम्ही खोलीत होतात? होतो.

"त्यांना सही करताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

तोवर न्यायाधीश स्टेनोला मजकूर सांगता सांगता दुसऱ्याच कुठल्या तरी कागदावर सह्या करत होते. त्यांनी मान वर केली.

"मग सही झाल्यावर ते तुम्हाला काही म्हणाले?"

"म्हणाला."

"काय?"

"ते खासगी बोलणं होतं."

"कोर्टात खासगी काही नसतं," न्यायाधीश म्हणाले.

"म्हणूनच मी आजवर इथे आलो नव्हतो, साहेब."

मागे कुणीतरी खुसखुसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "उत्तर द्यावं लागेल."

काकांनी खोलीभर नजर फिरवली. पंखा, घड्याळ, कपाटावर रचलेल्या फायली. बघायला दुसरीकडे भरपूर जागा होती. न्यायाधीश जरा थांबले, मग स्टेनोला म्हणाले, "लिहा. साक्षीदार उत्तर देत नाही."

टकटक झाली. वकीलबाई खाली बसल्या आणि टोपण चावायला लागल्या. संपलं होतं. आत्याने मांडीवरची पिशवी एकदा उघडून मिटली, पुन्हा उघडली.

इथे दादाच्या वकिलाने नुसतं "प्रश्न नाहीत" म्हणून बसायचं होतं. पण वकिलाला एक तर फी दिसायला हवी असते किंवा आपण दिसायला हवे असतो. तो उठला. झगा सावरला.

"त्या वेळी खोलीत तुमच्याशिवाय कोण होतं?"

"केमिस्ट होता. तो दाराशी फोनवर बोलत होता. आणि माझ्या मित्राची बहीण."

"बहीण कुठे होती?"

"त्याच्या शेजारी बसली होती."

"शेजारी. म्हणजे हाताच्या अंतरावर. आणि तुम्ही बघत होतात..."

"खिडकीबाहेर."

"छान." त्याने कागद उचलून न्यायाधीशांना दिसेल असा धरला. "ही सही बघा. लहान मुलाने केल्यासारखी. समजा, त्या बाईंनी आपल्या आजारी भावाचा हात धरून ही रेघोटी ओढवून घेतली. किंवा त्यालाही त्रास न देता स्वतःच ओढली. मिळत होत्या ना दोन खोल्या? तर ते तुम्हाला कळलं असतं का?"

आत्या हलली नाही. फक्त पिशवी उघडणं-मिटणं थांबलं. पुढच्या बाकावर दादा अर्धवट उठला होता. "अहो, हे मी नाही सांगितलं तुम्हाला," तो आपल्या वकिलाच्या पाठीला म्हणाला.

"बसा," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदार, उत्तर द्या. कळलं असतं का?"

"ती बाहेर बघत होती," काका म्हणाले.

"कोण?"

"ती. बहीण. तीसुद्धा खिडकीबाहेर बघत होती. माझ्या नजरेशेजारीच तिची नजर होती." त्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी आवाज चढवलेला ऐकलं नव्हतं, वादळाच्या इशाऱ्याबद्दल बोलतानासुद्धा नाही. "खोटी सही म्हणे! त्या बाईने भावाच्या हाताकडे कधी नजर टाकली नाही, आणि तुम्ही म्हणताय तिने तो धरला?"

"का? भावाच्या हाताकडे का नाही बघायचं?" वकील हसत म्हणाला.

काकांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"तो हलायचा म्हणून. कंपवात होता त्याला. कप धरला तर निम्मा चहा बशीत. कुणी बघितलेलं त्याला सहन व्हायचं नाही. म्हणून कुणी बघायचं नाही, मी नाही, ती नाही. त्या दिवशी सहीला त्याला फार वेळ लागला. ढग खिडकीच्या एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत गेले, तरी पेन कागदावर घासल्याचा आवाज चालूच. मग त्याने पेन ठेवलं. आणि म्हणाला..." ते थांबले.

"काय म्हणाले?" न्यायाधीशांनी विचारलं. या वेळी ते विचारणं कोर्टाचं वाटलं नाही, माणसाचं वाटलं.

"म्हणाला, वळा आता दोघं. कोंबडी नाचून गेलीय कागदावर, पण सही माझीच आहे. हवामान खात्याने हसायचं नाही."

"तुम्ही हसलात?"

"हसलो. तीही हसली. तोसुद्धा. त्या हाताबद्दल तो आमच्याशी तेवढा एकदाच बोलला. म्हणून सांगणार नव्हतो."

स्टेनोची बोटं थांबली होती. "साहेब, कोंबडी लिहू?"

"तसंच लिहा," न्यायाधीश म्हणाले. मग स्वतःच मोठ्याने सांगू लागले, "मयताने साक्षीदारास सांगितले की, कागदावर कोंबडी नाचून गेलेली असली तरी सही त्याची स्वतःची आहे. त्यानंतर साक्षीदाराने सही पाहिली का?"

"पाहिली. वळल्यावर. शाई ओली होती. मग मी त्याच्यासमोरच माझी केली, केमिस्टने त्याची केली."

वकीलबाईंच्या तोंडातलं टोपण आता टेबलावर होतं. दादाचा वकील कागद चाळत होता. "माझे अजून दोन-तीन प्रश्न आहेत, या आजारात बुद्धीवर..."

"बास," दादा म्हणाला.

"एक मिनिट, साहेब, हा महत्त्वाचा..."

"बास म्हटलं ना. मागे घ्या तो अर्ज." तो उभा होता आणि कुठेच बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे, मार न खाताच.

न्यायाधीशांनी हरकत मागे घेतल्याचं लिहून घेतलं, निकालाला पुढची तारीख दिली, आणि पुढच्या मृत माणसाला हाक मारली.

"आता शिक्क्यांचं काम उरलं," बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या. "शिक्के इथे हळू उमटतात, पण उमटतात." आणि त्या दुसऱ्या खोलीकडे पळाल्या, तिथे त्यांचं आणखी कुणीतरी मेलेलं होतं.

दादा बोळकांडीत माझ्यासमोर आला. या वेळी फेरी पुढे गेली नाही.

"मला फक्त स्पष्टता हवी होती," तो म्हणाला.

"मिळाली?"

"हो." मग शर्टाची बाही सरळ करत म्हणाला, "एवढी नको होती."

मला त्याला बरंच काही ऐकवायचं होतं. किती महिने पाठ केलं होतं. पण तेवढ्यात आत्या आमच्यामधून वाट काढत तरातरा पुढे गेली आणि थेट हवामानकाकांसमोर उभी राहिली. ते भिंतीला टेकून रुमालाने मान पुसत होते. मला वाटलं आभार मानणार.

"झालं समाधान? भरल्या कोर्टात माझ्या भावाचा हात काढलात."

"काढला," काका म्हणाले.

"कप काय, बशी काय. तो टायपिस्टसुद्धा ऐकत होता."

"ऐकत होता."

"त्याला आवडलं नसतं."

"मुळीच नसतं."

"मग?"

काकांनी रुमालाची घडी घातली. ती नीट बसेना, पुन्हा घातली. "त्याला दोन गोष्टी आवडल्या नसत्या. हे बोललेलं, आणि तुम्हाला तिथून उठवलेलं. त्यातली दुसरी जास्त, असा माझा अंदाज. चुकलाही असेल."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण तिला ते कुणी बघितलेलं चाललं नसतं, म्हणून मी दादाकडे बघितलं, आणि दादा आधीच नोटीस बोर्ड वाचत होता.

"आणि हा कोट," आत्या एकदम म्हणाली. "हे अस्तर किती लोंबतंय मागून. पिंजऱ्यात उभे होतात तर सगळ्या खोलीला दिसत होतं. माणसाने साक्षीला येताना आरशात बघावं की नाही? उद्या आणून टाका."

"कुठे आणू?" काकांनी विचारलं. ते नेहमीच नेमकं विचारत.

"कुठे म्हणजे? घरी." मग ती दादाकडे वळली. "आणि तू काय वाचतोयस तिथे? गाडी आणलीयस, की चालत जायचंय सगळ्यांनी?"